बागेतली मंडळी

पहिला बगळा मी महामार्गाच्या कडेला, उघड्यावर मांडलेल्या मूर्तींच्या रांगेतून उचलला. साडेचारशे सांगितले, साडेतीनशेला दिला. एका हाताने धरून तो स्कूटरच्या पायाशी उभा केला आणि नाशिकच्या इंदिरानगरापर्यंत गुडघ्यांत दाबून आणला. अडीच फुटांचा सिमेंटचा बगळा एका हाताने उचलता येत नाही, हे तिथेच डोक्यात यायला हवं होतं. अंबडच्या एमआयडीसीत मी ३४ वर्षं क्वालिटीला काढली. पार्ट नुसता हातात घेऊन 'हा आतून पोकळ आहे' म्हणणारा माणूस मी. पण निवृत्त होऊन तीनच आठवडे झाले होते, आणि रिकाम्या माणसाच्या हाताला वजन कळत नसावं.

आमचं घर रो-हाउस. पुढे बारा बाय अठराचा मातीचा तुकडा, बाजूला चार फुटांची बोळवजा पट्टी. पारिजातक, दोन जास्वंदी, कढीपत्ता, आईचा मोगरा आणि कंपाउंडवर चढलेला गोकर्ण, एवढी जुनी मंडळी. नोकरीत होतो तोवर त्यांना पाणी घातलं तरी पुष्कळ. नंतर मोबाइलवर लोकांच्या बागा बघायला लागलो आणि वाटलं, आपल्याकडे झाडं आहेत, बाग नाही. बाग म्हणजे हिरवळीत बगळे हवेत, कारंजं हवं.

एकटा बगळा बरा दिसेना, म्हणून पुढच्या रविवारी दुसऱ्या विक्रेत्याकडून जोडीदार आणला. तो मात्र जड होता, दोघांनी धरून रिक्षात घातला. मग नर्सरीतून गवळण आली. तिच्या घागरीतून पाणी खालच्या परातीत पडायचं आणि पंपाने पुन्हा वर जायचं. चिनी मातीचे बेडूक आले, लाल टिपक्यांची भूछत्रं आली. पुण्याच्या लेकीने वाढदिवसाला लाल टोपी, पांढरी दाढी आणि हातात कंदील असा फूटभर उंचीचा बुटका पाठवला. महिन्याभरात अशी वेळ आली की झाडं मूर्तींच्या आडून डोकावायची. बायको म्हणाली, "अहो, गेटवर पाटीच लावा. येथे मूर्ती योग्य दरात मिळतील."

आई ८४ वर्षांची. सकाळी देवाची फुलं तिचीच ती तोडते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. बुटका आला त्याच्या दुसऱ्या दिवशी परडी घेऊन ती त्याच्यासमोर थांबली.

"हे कोण महाराज?"

"महाराज नाहीत गं. जर्मनीतला बुटका आहे तो. तिकडे बागेत ठेवतात."

"एवढी दाढी आहे, नि महाराज नाहीत?"

मला नीटसं सांगता येईना, म्हणून मोबाइलवर वाचून काढलं. १८४७ साली चार्ल्स आयशम नावाच्या एका इंग्रज सरदाराने भाजलेल्या मातीचे २१ बुटके जर्मनीहून नेले आणि लॅम्पोर्ट हॉल या आपल्या वाड्याच्या बागेत मांडले. त्यातला एकच आज उरला आहे. हे मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं, परडीतलं तगरीचं एक फूल काढलं आणि बुटक्याच्या टोपीवर ठेवलं. "एकवीस होते म्हणतोस ना," म्हणाली. मी फूल काढलं. दुसऱ्या दिवशी परत होतं.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि हलक्या बगळ्याचं पितळ उघडं पडलं. खरं तर पितळ नव्हेच, प्लास्टर ऑफ पॅरिस. प्लास्टर म्हणजे भाजलेलं जिप्सम. पाणी घातलं की ते पुन्हा जिप्सम होतं आणि घट्ट बसतं, पण नंतर सतत ओलं राहिलं की पाणी पिऊन मऊ पडतं, थोडं थोडं विरघळतही राहतं. वरून सिमेंटी रंग मारला म्हणून ते सिमेंट होत नाही. आधी पाय फुगले, मग तडकले, मग आतली गंजकी तार दिसायला लागली. आठवडाभराने तो बगळा गुडघे टेकून बसला होता. विक्रेत्याला शोधत गेलो तर त्या जागी आता शहाळीवाला. घेताना मूर्ती उलटी करून तळाला नाण्याने खरवडायचं, एवढं साधं काम होतं. पांढरी मऊ भुकटी निघाली तर प्लास्टर. सिमेंटवर नाणंच घासलं जातं.

जडवाला बगळा अस्सल सिमेंटचा होता. त्याचं दुखणं वेगळं निघालं. जुलैत तो एका बाजूला कलला. सरळ केला, पुन्हा कलला. मला वाटलं शेजारची पोरं चेंडू आणताना धक्का देत असतील, म्हणून दोन दिवस खिडकीत बसून पाळत ठेवली. चोर मातीच निघाली. आमची माती काळी, कापसाची. पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर नुसती ठेवलेली कुठलीही जड वस्तू वर्षभर हलत राहणार. पारिजातकाच्या बाजूला सावली, तिथे ओल जास्त. दुसरी बाजू वाऱ्याउन्हात. म्हणजे एका पायाखालची जमीन वर आणि दुसऱ्याखालची खाली.

मग कंपनीतला माणूस जागा झाला. दीड फूट लांबीरुंदीचा, फूटभर खोल खड्डा घेतला. काळी माती पूर्ण काढली, खाली मुरूम टाकून, पाणी मारून धुमसाने ठोकला, त्यावर बारीक खडी आणि खडीवर शहाबादी फरशी. फरशीवर स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध आला की मगच बगळा. बायको दारातून बघत होती. "लग्नात पाट मांडतानासुद्धा एवढं बघत नाहीत," म्हणाली. पण त्या दिवसापासून आजपर्यंत बगळा दोराही हललेला नाही.

त्याचा कोरा राखाडी रंग डोळ्यांत खुपायचा. जुना दिसावा म्हणून कोणीतरी सांगितलं, ताकात शेवाळ वाटून फासा. फासलं. रात्री गल्लीतल्या मांजरांनी बगळा चाटून लख्ख केला. मग शेणकाला करून दोन हात दिले. श्रावण संपेपर्यंत पंखाच्या खाचांत हिरवी लव धरली आणि तो प्रथमच आमच्या बागेतला वाटला.

गवळणीचं प्रकरण थोडं लाजिरवाणं आहे. पंप महिन्यातच बंद पडला, तो काढून ठेवला, परातीत पावसाचं पाणी साचत राहिलं. ऑगस्टमध्ये महापालिकेच्या आरोग्य खात्याच्या ताई घरोघर तपासणीला आल्या. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांच्या बशा बघून झाल्या, मग परातीवर टॉर्च मारला. "काका, या इकडे." पाण्यात स्वल्पविरामासारखे वळवळे वरखाली करत होते. शेकड्यांनी. सबंध गल्लीला टायर उलटे करायला सांगणारा मी, आणि माझ्या गवळणीच्या पायाशी डासांची शाळा भरलेली. ताईंनी वहीत नोंद केली. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, भांडं आतून घासायचं, असं बजावलं. डेंगीच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याला चिकटून राहतात, कोरडी पडली तरी महिनोनमहिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. अंड्यापासून उडता डास व्हायला आपल्याकडच्या हवेत आठदहा दिवस पुरतात. भूछत्रांच्या वाट्या, बेडकांची आ वासलेली तोंडं, सगळीकडे पाणी होतं. बेडूक त्याच संध्याकाळी गेले. त्यांचं मला काहीच वाटलं नाही.

पाणी तर हवंच होतं, म्हणून गप्पी मासे आणले. ते डासांच्या अळ्या खातात. ठेवायचे कशात? माळ्यावर आजीचं तांब्याचं घंगाळ पडलं होतं. ते घेऊन तांबट लेनमध्ये गेलो. तिथल्या कारागिराने घंगाळ उजेडाकडे धरलं, बुडाला सुईच्या टोकाएवढे दोन तारे चमकले. "डाग मारून देतो," म्हणाला. "मोडीत घालायचं असेल तर तसं सांगा." मी नाही म्हटलं. त्याने बोटाच्या पेराने कडेला टिचकी मारली, नाद विरेपर्यंत थांबला. मग बाहेरच्या बाजूने सगळीकडे सारख्या अंतराने पडलेले ठोके दाखवले. "हे मठारकाम. ठोक्याने पत्रा ताठ होतो, उगाच नक्षी म्हणून नसतं ते." अर्ध्या तासात दोन्ही तारे बुजले.

घंगाळ मोगऱ्याशेजारी ठेवलं, पावसाचं पाणी भरलं, वीस गप्पी सोडले. आई, बायको आणि मी खुर्च्या टाकून बघत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी वीसही मासे पोटं वर करून तरंगत होते. मला आधी वाटलं, मांजर. नंतर मत्स्यालयाच्या दुकानदाराने कपाळावर हात मारला. तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण कौतुकाने पितो, पण माशांना तांबं विष. पाण्यात उतरलेलं तांबं थेट त्यांच्या कल्ल्यांवर जातं. त्यात पावसाचं पाणी मऊ, क्षार नसलेलं. तशा पाण्यात तांबं आणखीच बाधतं. तांब्याच्या भांड्यात शेवाळ का धरत नाही, याचा विचार मी साठ वर्षांत केला नव्हता. आता घंगाळात मोगऱ्याची कुंडी तशीच्या तशी ठेवली आहे, माती तांब्याला लागू न देता. बायकोला ते चिंच-मीठ लावून लखलखीत हवं होतं. मी त्याला तसंच सोडलं, कडेला हिरवट पुटं आली आहेत. या एका मुद्द्यावर अजून तह झालेला नाही.

माशांना घर मिळालं ते पिंपळगाव बसवंतहून. चुलतभावाच्या मळ्यात दगडी डोणी उकिरड्याशेजारी पालथी पडली होती. बैल गेले, ट्रॅक्टर आला, पाणी पाजायला कोणी उरलं नाही. "घेऊन जा दादा, नाहीतर रस्त्याच्या भरावात जाईल," भाऊ म्हणाला. मी टेप लावला. बाहेरून ९० बाय ४५ सेंटिमीटर, उंची ४०, आतली पोकळी ७० बाय २८, खोली २५. काळा दगड घनतेला पाण्याच्या जवळजवळ २.९ पट. हिशेब सव्वातीनशे किलोवर गेला. भाऊ म्हणाला, "चौघं उचलू." चौघांनी जोर लावला, डोणी जागची हलली नाही, एकाची कंबर मात्र हलली. शेवटी पहारीने एक टोक उचलून खाली जीआय पाइपाचे तीन तुकडे सरकवले. मागचा पाइप मोकळा झाला की उचलून पुढे घालायचा. असं करत फळीवरून पिकअपमध्ये, आणि घरी त्याच वाटेने उलट. गेटपासून जागेपर्यंत चौदा फूट अंतर, पाऊण तास लागला. डोणीच्या एका कडेला गुळगुळीत खोलगट झीज आहे. पिढ्यान् पिढ्या बैलांनी तिथे मान टेकून पाणी प्यायल्याची. ती बाजू मी मुद्दाम घराकडे केली. आत एक कुमुदिनी आहे, गप्प्यांची आता मोजदाद नाही.

त्याच फेरीत द्राक्षाची दोन खोडंही आली. भावाने जुनी बाग तोडली होती आणि खोडं सरपणाला रचून ठेवली होती. पंधरासोळा वर्षं दरसाल दोनदा छाटणी खाल्लेलं द्राक्षाचं खोड काय दिसतं! पिळवटलेलं, गाठीगाठींचं, सालीच्या लांब धांदोट्या सुटलेल्या. नाशकात राहून बगळे शोधत मी महामार्गाला फिरत होतो आणि हे चुलीत जात होतं. मातीत रोवलं तर वाळवी महिनाभरात फडशा पाडेल, म्हणून बुडाला डांबर लावून फरशीवर बोल्ट केलं. एकावर आता ऑर्किड बांधलं आहे. दुसऱ्यावर बुलबुल येऊन बसतो आणि आईच्या दृष्टीने भलत्याच जागी घाण करतो.

भलती जागा म्हणजे जातं. तेही माळ्यावरचंच. त्याची खालची तळी मला वाटेवर पायरीसारखी बसवायची होती. मोबाइलवरच्या एका बागेत जात्यांची अशी अख्खी वाट पाहिली होती मी, फारच झकास दिसत होती. मुरूम टाकला, लेव्हल बघितली, जातं ठेवलं आणि त्यावर पाय देऊन उभा राहिलो. आई ओट्यावर होती.

"उतर खाली."

"अगं, पक्कं बसलंय. हलत नाही."

"उतर म्हणते ना. त्यावर तुझ्या बापाचं पोट भरलं आहे."

मी उतरलो. मग तिने मला एक गोष्ट विचारली, आणि त्यानंतर बागेतल्या प्रत्येक वस्तूला मी तीच विचारतो. "हे बघ, इथे जे जे आणून ठेवलंस त्याच्या पाया पडायचं, की त्याला पाय लागला तरी चालतं? एवढं मला एकदा सांगून ठेव." मी म्हटलं, शोभेचं आहे सगळं, दोन्ही नाही. तिला हा तिसरा प्रकार पटला नाही. खरं सांगायचं तर मलाही आता पटत नाही. जातं भिंतीकडेला गेलं, संध्याकाळी त्यावर पणती असते. वाटेवर साध्या फरश्या आल्या.

बुद्धाचं डोकं आणलं ते या आधी. नर्सरीत फायबरचं, दगडासारखं रंगवलेलं, फार शांत चेहऱ्याचं होतं. बायकोला आवडलं. आम्ही ते बाजूच्या पट्टीत, नळाजवळ नेच्यांच्या मध्ये ठेवलं. शेजारचे सर, निवृत्त मुख्याध्यापक, दर बुद्धपौर्णिमेला पहाटे पांडवलेण्याला, म्हणजे त्रिरश्मीला जाणारे. ते कंपाउंडवरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "रागावू नका. नुसतं डोकंच का हो? धड कुठं गेलं?"

मला उत्तर सुचेना. ते म्हणाले, "देशोदेशीच्या मूर्तींची डोकी कापून विकली लोकांनी, दिवाणखान्यात ठेवायला. तिथून ही फॅशन आली. आणि खाली बघा." खाली आमच्या चपला, पाय धुवायचा नळ, फरशी पुसायचं फडकं. "तुमच्या मनात काही नाही, माहीत आहे मला. पण पूर्ण मूर्ती घ्या, चांगल्या उंचीवर ठेवा, नाहीतर नका ठेवू." सर कधीच चढ्या आवाजात बोलत नाहीत. जरा चढ्या आवाजात बोलले असते तर मीही वाद घातला असता. गणपतीचं नुसतं डोकं नळापाशी ठेवलं असतं का मी? दुसऱ्या दिवशी नर्सरीत परत केलं. पैसे मिळाले नाहीत, बदल्यात चार क्रोटन मिळाले.

सरांनीच मग एका रविवारी लेण्यांवर नेलं. नाशकात जन्म गेला, तरी मी तिथे शाळेच्या सहलीनंतर पाऊल टाकलं नव्हतं. सर तीन नंबरच्या लेण्यासमोर थांबले. गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईने, गौतमी बलश्रीने, दुसऱ्या शतकात भिक्षुसंघाला दिलेलं हे लेणं. ओसरीतल्या भिंतीवर तिने मुलाचे पराक्रम कोरून ठेवले आहेत. (आमच्या आईने माझ्याबद्दल कोरायचं ठरवलं तर जात्यावर उभा राहिला होता, एवढंच येईल.) पण मी बघत राहिलो ते बाहेरच. ओसरीच्या खाली सहा थोराड यक्ष लांबलचक तुळया पेलून धरतात. पालखीच्या भोयांसारखे. त्यांचं डोकं दिसतं, छाती-खांदे दिसतात, बाकीचं जमिनीत. जणू डोंगर उचलून ते आत्ताच वर येताहेत, किंवा ओझ्याने खाली जाताहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाला पाय कोरायचा कंटाळा आला नव्हता. पाय दिसले असते तर ओझं गेलं असतं.

आल्या आल्या पहार घेतली. माझी चूक मला दिसली होती. प्रत्येक वस्तू मी चौथऱ्यावर, समोर, पूर्ण दिसेल अशी ठेवत होतो, बक्षीस समारंभातल्या ढालींसारखी. बगळ्याची फरशी काढून आणखी नऊ इंच खाली घेतली. चारी बाजूंनी विटेची कड केली, पाणी जायला खडी वाढवली आणि भोवती पावसाळी लिलीचे कंद लावले. आता गेटमधून आलात तर बगळा दिसत नाही. ओट्यावर चढलात की लिलीच्या पात्यांतून मान दिसते, वाऱ्याने पाती हलली की तोच हलल्यासारखा वाटतो. गेल्या महिन्यात कुरिअरवाला दचकला, तेव्हा मी मनातल्या मनात बगळ्याला पास केलं. गवळणीची परात काढली, तिला पट्टीच्या टोकाला नेच्यांत खांद्यापर्यंत बुडवली. घागर आता रिकामीच आहे, पण ती कशात बुडवते आहे ते न दिसल्यामुळे खालून पाणी असावं असं वाटतं. सौरदिवेही लावले होते, त्यांचं थोडक्यात सांगतो: पावसाळ्यात ढगांमुळे चार्ज होत नाहीत, उन्हाळ्यात किड्यांनी भरतात. काढले.

आणखी एकच गोष्ट विकत घ्यायची राहिली होती, ती कुंभारवाड्यात मिळाली. पोळ्याच्या आधी तिथे मातीचे बैल दिसतात. एक जोडी उचलली तर कुंभारमावशी म्हणाल्या, "काका, बाहेर ठेवणार का? मग हे नका नेऊ. हे कच्चे, पहिल्या सरीत चिखल होतील." मी म्हटलं, हेच भाजून द्या. त्या हसल्या. "भरीव आहेत. आव्यात फुटतील, आणि सोबत माझी मडकीबी नेतील." आत ओल राहते, तिची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट सापडत नाही. भाजायचा बैल पोटातून पोकळ करावा लागतो आणि पोटाखाली बोट जाईल एवढं भोक ठेवावं लागतं. महिन्याने या म्हणाल्या. महिन्याने गेलो तेव्हा त्यांनी बैल कानाशी धरून वाजवला, तोंड वाकडं केलं, बाजूला ठेवला. दुसरा वाजवला, तोही ठेवला. तिसरा आणि पाचवा दिला. मला पाचही आवाज सारखेच वाटले. ३४ वर्षांची क्वालिटी इथे काही कामाची नव्हती. दोन पावसाळे झाले, बैलांना चीर नाही. फक्त जमिनीची ओल चढून पायांवर पांढरा लोणा येतो, तो मी ब्रशने झाडतो. ते डोणीजवळ उभे आहेत. पोळ्याला आईने त्यांना पुरणपोळी दाखवली, म्हणजे ते कुठल्या प्रकारात गेले ते विचारायची गरज उरली नाही.

बुटका कुठे ठेवायचा हे मात्र मला ठरवू दिलं गेलं नाही. लिलीत बुडवावा म्हणून उचलायला गेलो तर पायाशी रांगोळीची दोन बोटं होती, कपाळाला कुंकू लागलं होतं. लाल टोपीचा रंग उन्हाने उडून भगवट झाला आहे, त्यामुळे संशयाला आणखी जागा. लेकीला फोटो पाठवला. ती म्हणाली, बाबा, कंदीलसुद्धा पेटवलाय आजीने. खरंच, कंदिलाच्या खोबणीत फुलवातीची काजळी होती. तो जिथे होता तिथेच, पारिजातकाखाली राहिला.

गेल्या ऑगस्टमध्ये आरोग्य खात्याच्या त्याच ताई पुन्हा आल्या. मी स्वतःच टॉर्च पुढे केला. त्यांनी डोणीत बघितलं, मासे दिसले, मान डोलावली. जात्याच्या खुंट्याच्या भोकात काडी घालून बघितली, तिथे मी आधीच वाळू भरून ठेवली होती. घंगाळ उचलून बघितलं. बैलांच्या पोटाखालचं भोकसुद्धा. मग पारिजातकाशी आल्या, फुलांच्या सड्यात उभा बुटका, कुंकू, फूल, सगळं बघून त्यांनी टॉर्च बंद केला, चपला बाजूला काढल्या आणि हात जोडले.

"कोणते महाराज हो, आजी?"

आई परडीत फुलं वेचत होती. मान वर न करता म्हणाली, "जर्मनीचे."